पूजेत बसलेले पान्हे

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी थोरल्या बहिणीच्या व्हॅनचा गिअरबॉक्स खाली उतरवला, आणि माझे सगळे पान्हे धुऊनपुसून आईच्या हाती पूजेला दिले. गाढवपणा तो एवढाच. बाकीचं सगळं त्याच्याच पोटातून निघालं.

अक्का पिशोरला दिलेली. त्या वर्षी तिनं सासऱ्याशी भांडून मक्याच्या रानातला एक तुकडा मागून घेतला आणि झेंडू लावला. सासरा म्हणाला, "दसऱ्याला फुलं विकून दाखव, तुकडा तुझा. नाय विकली तर पुन्हा मका, अन् पुन्हा तोंड उघडायचं नाय." दाजी बापासमोर मान हलवण्यापलीकडं काही करत नसत.

तिच्या घरची जुनी व्हॅन गिअर बदलताना किंचाळायची, ती अक्कानं शहरात माझ्या दारात आणून लावली. गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेले चाचा म्हणाले, "छोड दो, कर देता." पण मी मोबाइलवर व्हिडिओ बघितले होते. "चाचा, ये तो बच्चों का काम है," असं मी त्यांच्याच गिऱ्हाइकांसमोर म्हणालो. अक्कालाही शब्द दिला, नवमीच्या संध्याकाळी व्हॅन तुझ्या बांधावर. त्या भरवशावर तिनं गावातला ठरवलेला टेम्पो सोडून दिला. माझ्या शब्दावर विसंबणारी घरात ती एकटीच उरली होती.

उतरवणं सोपं असतं. नट सोडत जायचे, बाकीचं काम पृथ्वी करते. गिअरबॉक्स जुन्या टायरवर धपकन आला आणि मी स्वतःसाठी टाळी वाजवली. भंगारातून आणलेला दुसरा गिअरबॉक्स शेजारी तयार होता. सकाळी पूजा, दुपारी फिटिंग, असा माझा हिशोब. शिवाय पान्ह्यांचा संच कोरा होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा ही हौसही होतीच.

सकाळी पाटावर विळी, कात्री, कोयता आणि मधोमध माझे पान्हे, हळदीकुंकवानं माखलेले. मी हात घातला तसा आईनं फटका मारला.

"दसऱ्याची पूजा होईस्तोवर हालवायचं नाय."

"आई, अक्काची फुलं..."

"तुझ्या बापानं असाच नवमीला लाकूड तासायचा वाकस उचलला होता. बोट गेलं त्याचं. तुझं डोकं जाईल म्हणले असते, पण ते हाय कुठं?"

विळी पूजेत असल्यामुळं बायको भेंडी हातानं मोडत बसली होती. तिनं सासूच्या बोलण्यावर जन्मात पहिल्यांदा मान डोलावली.

गल्लीभर हिंडलो. ज्याच्या घरी पान्हा, त्याच्या घरी तो पाटावर. एकानं पान्ह्याऐवजी प्रसाद दिला. उरले चाचा. ते गॅरेजला कुलूप घालून, अत्तर लावून लग्नानंतरच्या वलीम्याच्या जेवणाला निघालेले.

"क्यों, बच्चे नहीं मिले क्या?"

मी पान्ह्यासाठी हात पुढं केला. त्यांनी कुलूप काढून पान्ह्यांची पेटी माझ्या पायाशी आदळली. "लेके जाओ. मैं नहीं आता. बच्चों के काम में बड़ों ने नहीं बोलना."

मग दुपारभर मी पाठीवर पडून तो लोखंडी रेडकू छातीवरून वर रेटत होतो. बायको पायरीवर येऊन बसली. म्हणाली, "अहो, गेलात तर तोंड जरा इकडं करून जा. फोटोला बरं पडंल."

संध्याकाळी तो बसला एकदाचा. चावी फिरवली, क्लच दाबला, गिअर टाकला, आणि व्हॅनच्या पोटातून जात्यात खडे पडल्यासारखा आवाज आला. क्लचप्लेट मी उलटी बसवली होती. ती सरळ करायची तर अख्खा गिअरबॉक्स पुन्हा खाली.

अक्काला फोन केला. फुलं तोडून, पोती शिवून ती बांधावर वाट बघत बसली होती.  तिच्या मागून सासऱ्याचा आवाज स्वच्छ आला, "आली का गाडी? भाऊ लई शिकलेला हाय म्हणं तुझा!"

सोडलेला टेम्पो तोवर दुसऱ्याची फुलं भरून गेला होता. दसऱ्याच्या सकाळी पहिल्या एसटीत कंडक्टरनं पोती घेतली नाहीत. दुसरीत घेतली, तीही निम्मीच. अक्का शहरात उतरली तोवर दारोदारी तोरणं लागली होती, गाड्यांना हार पडले होते. चौकात न खपलेल्या झेंडूचे ढीग सोडून फुलवाले आपापल्या गावाला निघाले होते, आणि गाई त्यात तोंड घालून उभ्या होत्या. अक्कानं एक पोतं उघडलं. एक बाई थांबली. म्हणाली, "फुकट देत असाल तर देवाला नेते." अक्कानं तिला ओंजळभर दिली आणि बाकीची तिथंच ओतली.

हे सगळं ती आमच्या पायरीवर बसून आईला सांगत होती. मी व्हॅनखाली होतो, त्यामुळं मला नुसत्या तिच्या चपला दिसत होत्या.

"अन् तुकडा?" आईनं विचारलं.

"मका," अक्का म्हणाली.

मला राहवेना. खालूनच म्हणालो, "अक्का, पुढच्या वर्षी बघ, मी स्वतः गाडी घेऊन..."

ती वाकली. गाडीखाली डोकावून तिनं माझं ग्रीसनं माखलेलं तोंड नीट बघून घेतलं.

"तू खालीच ऱ्हाय," ती म्हणाली. "वर निघाला की कुणाचं तरी वाटोळं करतोस."