घर विकण्याआधी आत्याचं लग्न

घर विकल्याची गोष्ट म्हटल्यावर तुम्ही रुमाल काढून बसला असाल. वडील भिंतीवरून हात फिरवतायत, आई तुळशीपाशी थांबलीये, मी वळून वळून बघतोय, असलं काहीतरी. ठेवा तो रुमाल आत. आमचं इगतपुरीचं घर म्हणजे दोन खोल्या आणि वर्षातले निम्मे दिवस ओल. तिथं भिंतीवरून हात फिरवला तर हाताला रंग लागतो. गिऱ्हाईक मिळालं तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "घेणाऱ्याचं भलं होवो." तेही जरा घाईतच.

ही गोष्ट लग्नाची आहे. नवरी साठीच्या पुढची, नवरदेव त्याहून मोठा, आणि वऱ्हाड म्हणजे मी.

आधी घराचं सांगतो. आम्ही नाशकात द्वारकेजवळ भाड्यानं राहायचो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आईचे गुडघे पार गेलेले. जिना उतरताना ती चक्क पायरीवर बसायची आणि बसल्या बसल्या खालच्या पायरीवर सरकायची. वाटेत कुणी भेटलं की पदर सारखा करून म्हणायची, "बसलेय जरा वाऱ्याला." जिन्यात वारा कसला, पण लोक मान डोलवायचे. पुढं पुढं तिनं उतरणंच सोडलं. भाजी दोरीला पिशवी बांधून वर घ्यायची.

तेवढ्यात मागच्याच गल्लीत तळमजल्याचा एक फ्लॅट निघाला. मालक म्हणजे एक आजोबा, लेकीकडं राहायला चाललेले. म्हणाले, "दिवाळीपर्यंत थांबतो तुमच्यासाठी. पुढं मला शब्दात अडकवू नका." इगतपुरीचं घर विकलं तरच हा फ्लॅट घेता येणार होता. तिकडं रेल्वेत नोकरी करणारा शेजारीच घ्यायला तयार. सगळं जुळलेलं. मी मनाशी पक्कं केलं, दिवाळीचा दिवा आई तळमजल्याच्या दारात लावणार.

मग वकीलबाई आल्या. म्हणजे आम्हीच त्यांच्याकडं गेलो, कागद तपासायला. त्यांनी घराचा उतारा उजव्या हाताला ठेवला, आत्याचं आधार कार्ड डाव्या हाताला, आणि चष्म्यावरून वडिलांकडं बघितलं.

"ह्या कोण?"

"माझी बहीण. वडिलांच्या मागं घराला आम्हा दोघांचं नाव लागलंय."

"आणि आधार कार्डवरच्या ह्या?"

"तीच की."

"नाव वेगळं, मधलं नाव वेगळं, आडनाव वेगळं. कागदावर ह्या दोन बायका आहेत."

वडील म्हणाले, "एकच आहे ओ मॅडम. आणि आम्हाला तेवढीच झेपत नाही."

झालं होतं असं. आत्या लग्न होऊन विंचूरला गेली, तर तिथं थोरल्या जावेचं नाव तेच. एक हाक मारली की दोघी यायच्या. म्हणून सासूनं ताटात तांदूळ पसरून, त्यावर अंगठीनं नवं नाव लिहून घेतलं. तेव्हापासून ती विंचूरला एक आणि इगतपुरीला एक. माझे आजोबा वारल्यावर घराला वारसांची नावं लावायला गेले वडील. भावाला बहिणीचं माहेरचंच नाव माहीत. त्यांनी तेच सांगितलं, साहेबांनी तेच लिहिलं, आणि ज्या बाईच्या नावाचा आता एकही ओळखीचा पुरावा नाही, ती बाई आमच्या निम्म्या घराची मालकीण झाली.

"लग्नाच्या नोंदणीचा दाखला आणा," वकीलबाई म्हणाल्या. "त्यात आधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही नावं येतात."

"लग्न नोंदवलेलंच नाही."

"मग आता नोंदवा. नवरा-बायको आहेत ना?"

विंचूरला मीच गेलो. वडील म्हणाले, "दाजींसमोर हा विषय माझ्याच्यानं निघायचा नाही." दाजी म्हणजे आत्याचे यजमान, माझे मामा. आवाज असा की मार्केटात लिलाव पुकारणारा गप्प बसेल. त्या दिवशी ते अंगणात खाटेवर पडलेले आणि आत्या पोत्यावर बसून कांदे निवडत होती. मोठा एका ढिगात, गोल्टी दुसऱ्या ढिगात. मी सगळं सांगितलं. मामा उठून बसले.

"आमचं लग्न अख्ख्या गावानं जेवून पाह्यलंय. आता ग्रामपंचायत सांगणार व्हय, मी लग्नाचा हाय का नाय?"

"मामा, नुसता कागद आहे."

"या वयात लग्न नोंदवाया गेलो तर लोक काय म्हणतील? म्हणतील, इतके दिवस काय भानगड होती. मी नाय येणार."

मी वकीलबाईंचा आवाज काढून दाखवला. चष्म्यावरून बघून म्हणालो, "कागदावर ह्या दोन बायका आहेत." आत्या कांदा हातात धरून हसली. मामा म्हणाले, "दोन? मला एकच पुरून उरली." आत्यानं मान वर केली नाही. म्हणाली, "यांना इचार रे, त्यातल्या पहिलीचं, माहेरवालीचं नाव काय होतं." मामांनी खाटेखाली चप्पल शोधायला सुरुवात केली. चप्पल त्यांच्या पायातच होती.

असे माझे तीन रविवार गेले. दर वेळी नकार आणि दर वेळी पोटभर जेवण. नोकरी मोबाईलच्या दुकानात, सुट्टी एकच, तीही कांद्याच्या वासात. पण मी हटणार नव्हतो. दिवाळी जवळ आलेली, फ्लॅटवाल्या आजोबांचा फोन येऊन गेलेला. चौथ्या खेपेला मी आवाज काढला नाही. त्यांच्या ओट्याच्या पायऱ्या होत्या, त्यांवर बसून आई कशी उतरते ते करून दाखवलं. हात मागं टेकायचा, कंबर पुढं घ्यायची, खाली आपटायचं, श्वास घ्यायचा. आणि मग पदर सारखा करून, "बसलेय जरा वाऱ्याला."

या वेळी कुणी हसलं नाही. आत्यानं कांद्याची पाटी बाजूला सारली.

"उद्या जाऊ," ती मला म्हणाली. मग मामांकडं वळून, "तुम्ही नाय आले तरी मी एकटीच लग्न नोंदवून येते."

मामा आले. नवा सदरा, टोपी, मिशीला तेल. मी एक दिवसाचा पगार सोडला. ग्रामपंचायतीत अर्ज घेतला तर भटजींची सही लागणार, आणि भटजी तर कधीच वारलेले. त्याबद्दल एक प्रतिज्ञापत्र करा. ते केलं. साक्षीदार आणा. मामांनी दारातून हाक मारली तर सगळी गल्ली आली. लग्नाचा फोटो द्या. फोटो होता, त्यात मामांच्या मिशा स्पष्ट आणि आत्याच्या तोंडावर मुंडावळ्या, पदर आणि कुणाच्या तरी छत्रीची सावली.

"यात वधू कुठाय?" ग्रामसेवकांनी विचारलं.

"माझ्या शेजारी," मामा म्हणाले. "दुसरीकडं कुठं उभी राहील?"

ग्रामसेवक तरुण होते, हसरे होते, पण नियमाला पक्के. त्यांनी अर्ज मामांपुढं सरकवला. "वराच्या हातानं भरा. इथं वधूचं लग्नाआधीचं नाव लिहा."

मामांनी पेन उघडलं, कागदावर टेकवलं, आणि ते तसंच टेकलेलं राहिलं. शाईचा ठिपका मोठा व्हायला लागला. चाळीसेक वर्षं ज्या माणसानं बायकोला 'अगं ए' सोडून हाक मारली नाही, त्याला नवं नाव आठवायलाच जड, तर जुनं कुठून आठवणार. साक्षीदार एकमेकांकडं बघायला लागले. ग्रामसेवक म्हणाले, "आठवत नसेल तर उद्या या." मी आत्याकडं बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती, ओठ घट्ट मिटून. सांगायला काय जात होतं तिचं, मला कळेना.

उद्या म्हणजे माझी आणखी एक रजा. उद्या म्हणजे वकीलबाईंनी खरेदीखतासाठी रजिस्टर ऑफिसात घेतलेली तारीख गेली. उद्या म्हणजे आई तिसऱ्या मजल्यावर. मी मामांच्या मागं उभा राहिलो आणि मामांच्याच आवाजात, लिलावाच्या पट्टीत, उखाणा घेतला. "विंचूरच्या मार्केटात कांद्याचा लिलाव जोरात," आणि पुढं आत्याचं माहेरचं नाव घालून, "...चं नाव घेतो ग्रामसेवकाच्या दारात."

सगळी खोली हसली. ग्रामसेवकांनी टेबलावर हात मारला. मामांनी मागं न बघता नाव लिहून टाकलं, सुवाच्य अक्षरात, जसं काही कायम पाठच होतं. दाखला हातात आला आणि कागदावरच्या दोन बायकांची एक झाली.

पुढं सगळं धडाधड झालं. इगतपुरीच्या घराच्या खरेदीखतावर आत्यानं दोन्ही नावांनिशी सही केली. फ्लॅटवाल्या आजोबांनी चावी आईच्याच हातात दिली. आई उंबऱ्यातून आत गेली, बाहेर आली, परत आत गेली. काही काम नव्हतं, नुसतीच जा-ये करत होती.

दिवाळीला आत्या आणि मामा नव्या घरी आले. जेवणं झाल्यावर वडील म्हणाले, "तो उखाणा घे रे एकदा." मी घेतला, मिशीला पीळ देऊन. सगळे हसले, मामासुद्धा. मग आत्यानं मला पाणी आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटलं.

"लय शहाणा समजतोस का स्वतःला?"

मला वाटलं चेष्टा चाललीये. मी तिचाच आवाज काढायला तोंड उघडलं.

"गप. एक शब्द बोलू नको. काम अडलं होतं म्हणून इतके दिवस मी बोलले नाय. तुझी आई जिन्यावर बसून उतरत होती, म्हणून गिळलं. आता ती घरात आली, आता ऐकून घे. तुला कुणी सांगितलं होतं मधी तोंड घालाया?"

"आत्या, ते विसरले होते. ग्रामसेवक उद्या या म्हणत होते."

"म्हणू दे की. पेन टेकवून बसले होते ना? आठवत होते. मी बघत होते खिडकीच्या काचेत, त्यांचे ओठ हलत होते. आलं असतं नाव तोंडात. लग्न झाल्यापासून एकदा तरी त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं मला ते. तुला दम निघाला नाय मुडद्या. माझ्या नवऱ्याच्या आवाजात माझं नाव घेतलं, आणि घेतलं कुणी, तर भाच्यानं. ते पाणी ने बाहेर. आणि पुन्हा तो उखाणा घेतलास तर कान उपटून हातात देईन."