खोडरबरानं वाढलेली मेमरी

सांगलीहून आमच्या तासगावात कॉम्प्युटर दुरुस्त करायला येणारा तो माणूस डबा उघडण्याआधी पत्र्याला हळूच हात लावायचा. मला वाटे, भाविक आहे! अंगावरची वीज उतरवायला तो तसं करतो, हे कळण्याइतकी अक्कल तेव्हा कुठली? मीही दसऱ्याला आमच्या जुन्या कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, तेही फटीफटीतून. तो बंदच पडला.

"शनिवारी भंगारात घालतो," आमच्या ह्यांनी आपला खरखरणारा जुना रेडिओ थोपटत जाहीर केलं. माझा टायपिंगचा क्लास त्याच्यावरच चालायचा.

तो सांगलीचा माणूस आला, आतलं कुंकू पाहिलं. "वैनी, लय सजवलाय की ह्याला!" मग मेमरीची पट्टी काढून शाळेतल्या खोडरबरानं तिची काळवंडलेली कड घासू लागला.

"अहो, पुसलं तर आठवण जाईल ना त्याची!"

"न्हाई जात. वाढतीय बगा." घासलेली पट्टी परत बसवून, मी वर्षभर त्याच्याकडे मागत असलेली दुसरी पट्टी त्यानं माझ्या हातात ठेवली. "तुमीच बसवा."

मी पत्र्याला हात लावला, पट्टी दाबली. खट्! त्यानं बटण दाबताच पडद्यावर मेमरीचे आकडे धावले आणि नेहमीच्या जागी न थांबता थेट दुपटीवर गेले.

"भंगारवाल्याला बोलावू?" ह्यांनी दारातून विचारलं.

"बोलवा की. तुमचा रेडिओ द्यायचाय."