घाटी ओळखणारा कान

माझ्या बाच्या कानाची गावात ख्याती होती. दिवस मावळताना आमच्या धानाच्या मुलखातल्या प्रतापगडाकडच्या रानातून गावाची गुरं परतायची, प्रत्येकाच्या गळ्यात लाकडी घाटी. शे-दीडशे घाट्यांचा नुसता गलका. बा ओसरीवर दोर वळत बसलेला असायचा आणि गुरं नाल्यापलीकडे असतानाच म्हणायचा, "आपली गाय लंगडून राहिली." गाय खरंच लंगडत यायची. लोक कौतुक करायचे. मला त्या कानाचा राग होता, अजून आहे.

कारण त्याच ओसरीला लागून, कुडाच्या भिंतीआड, माझी माय खाटेवर पडून होती. खोकून खोकून तिचा आवाज बसला होता. ती पाणी मागायची ते बाला ऐकू येत नसे. मी बोलले तर म्हणायचा, "मले नाही आलं ऐकू. जोरानं काऊन नाही बोलत ते?"

देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी मायची सेवा करायला सासरहून आले होते. लंगडी गाय गोठ्यातच बांधलेली होती. एके दिवशी मी तिच्या गळ्यातली घाटी सोडली आणि मायच्या हातात दिली. तिने ती हलवली मात्र, बा काठी घेऊन धावत आत आला.

"हे कायले? मले वाटलं, गाय सुटून घरातल्या धानात गेली."

काठी टेकवत तो परत गेला. पाणी मीच दिलं. माय मात्र खुशीत होती. "आला तं खरा," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो उठला नाही. "गाईच्या मानेवरची घाटी अशी नाही वाजत. हातातली समजते मले," असं वर ऐटीत सांगितलं. माय वाजवतच राहिली. मीही काही कमी नव्हते. सुरुवातीला हातातलं टाकून पळायची. आठवडाभरात ती टकटक मुसळाच्या आवाजासारखी झाली, घरात असून नसल्यासारखी.

त्या दुपारी मी अंगणात तांदूळ पाखडत होते. घाटी वाजत होती की नव्हती, देवाशपथ सांगता येत नाही. बाचे हात दोरावर थांबले. गुरं यायच्या वेळी उचलायचा तशी त्याने मान उचलली.

"पाहून ये वं. घाटी बंद झाली."

मी आत गेले. मायचा हात खाटेखाली लोंबत होता आणि लोटा कोरडा पडला होता. म्हणजे बाला रोज ऐकू येत होतं. मला खरंच येईनासं झालं होतं, आणि हे स्वतःला सांगून मी आजवर कधी सुटले नाही.

शेजारपाजार जमला. मेलेल्याच्या तोंडात पाणी घालायची वेळ आली, तेव्हा भरला लोटा घेऊन बा सगळ्यांच्या आधी पुढे झाला.