ग्रीसचे बिनपगारी मंत्री

ग्रीस हा देश आपल्यामुळे चालतो, असं मंत्रीकाकांचं प्रामाणिक मत होतं. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात ते पेशंटना भूल द्यायचे आणि तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ग्रीसच्या अर्थव्यवस्थेवर बोलायचे. दोन्ही ठिकाणी समोरच्याची अवस्था साधारण सारखीच व्हायची. हे ग्रीसचं पर्यटनखातं त्यांना कोणी दिलं, ते विचारायची सोय नव्हती.

“अगं, तिथे इंडस्ट्री काय आहे? सन, सी आणि आपण!” ते मला म्हणायचे. “तिघांतला एक जरी नसला, तर शटर डाउन.” पर्यटनातून त्या देशाला किती टक्के उत्पन्न मिळतं तेही सांगायचे, आणि तो टक्का दर गणपतीला थोडा वाढलेला असायचा.

दर जूनमध्ये काका-काकू त्याच बेटावर, स्वयंपाकघर असलेल्या त्याच खोलीत उतरायचे. बॅगेत कुकर, तूरडाळ, गोडा मसाला आणि पोहे. ग्रीसला आधार द्यायला निघालेला हा माणूस तिथे पाणी आणि टोमॅटो सोडून फारसं काही विकत घेत नसे. काकू म्हणायच्या, “अहो, एकदा तरी बाहेर जेवू या की.” त्यावर काका म्हणत, “विमानाने आलो, खोली घेतली. अजून किती सपोर्ट करायचा?”

एका वर्षी मी आणि नवरा त्यांच्याबरोबर गेलो. खोलीसमोरच एलेनी नावाच्या विधवा बाईंची छोटी खानावळ होती, आणि तिथल्या खुर्च्या रिकाम्या. पलीकडे नवं मोठं हॉटेल झालं होतं. तिथले पाहुणे जेवणाखाणाचे पैसे आधीच भरल्याचा पट्टा मनगटाला बांधून आतच खायचे, आतच प्यायचे. “हा सीझन असाच गेला तर कुलूप लावून अथेन्सला मुलाकडे जाईन,” असं बाईंनी काकूंना सांगितलं.

काका भडकले. “आतल्या आत खातात! गावाला काय मिळतं ह्यांच्याकडून?” हे ते कुकरमधली आमटी वाढून घेताना म्हणाले. काकूंना हसू आवरेना. काकांनी मात्र आमटीची वाटी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी ते एलेनीबाईंकडे गेले. “तुमचं मार्केटिंग वीक आहे. लोकांना घासभर चाखायला द्या, मग बघा.” बाईंनी मोठ्या आशेने पातेलं बाहेर आणलं. पण काका पंगतीत वाढत वाढत मोठे झालेले. त्यांच्या हाताला घासभर वाढणं ठाऊकच नव्हतं. पहिल्या इंग्रज जोडप्याला त्यांनी ताटली भरून दिली. त्यांनी “लव्हली” म्हणताच वर आणखी वाढलं. “नो, नो, वन मोअर, फॉर मी!” इंग्रज माणसाला नाही म्हणता येत नाही, आणि रांग दिसली की उभं राहिल्याशिवाय राहवत नाही. दुपारपर्यंत राजमा संपला, भरलेले टोमॅटो संपले, पालक भरलेली पेस्ट्री संपली. सगळे तृप्त होऊन, आभार मानून समुद्रावर गेले. ऑर्डर एकानेही दिली नाही.

काकांचा चेहरा पडला. त्यांनी पाकीट काढलं, तर एलेनीबाईंनी त्यांचा हात बाजूला सारला. आत जाऊन उरलेला पाव आणि ऑलिव्ह ऑइल घेऊन आल्या आणि त्यांच्यापुढे ठेवून म्हणाल्या, “डॉक्टर, तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाहीत.” इतक्या वर्षांत काका त्या खानावळीत पहिल्यांदाच जेवायला बसले. मला त्या क्षणी त्यांच्याविषयी फार माया वाटली.

पुढच्या जूनमध्ये ते गेले तेव्हा खानावळीच्या दाराला कुलूप होतं. त्या वर्षीच्या गणपतीत कोणीतरी “काय मंत्रीसाहेब, काय म्हणतो ग्रीस?” म्हणून छेडलं, तर नुसते हसले आणि लोकांना प्रसाद वाटत राहिले.

काका वारल्यावर मी भेटायला गेले, तेव्हा काकूंनी मला बाकीचं सांगितलं. “एलेनीकडे कुलूप दिसलं ना, त्या वर्षी कुकर बॅगेतून काढूच दिला नाही बघ त्यांनी. रोज गावातल्या वेगळ्या खानावळीत जेवलो. एक पदार्थ आवडला नाही गं त्यांना. पण ताटात कधी काही टाकलं नाही.”