न सांगितलेलं भाडं

वेलचीच्या चहाचा वास आला की अंबरनाथच्या घरातली ती संध्याकाळ आठवते. मस्कतच्या शाळेतून मी पहिल्या सुट्टीवर आले होते आणि उल्हासनगरच्या जुन्या शाळेत माझ्यासोबत शिकवणारी मैत्रीण भेटायला आली होती. "पगार किती गं तिकडे?" तिने विचारलं. मी आकडा सांगितला, तशी ती चहा प्यायचीच थांबली. निम्मा पगार भाड्यात जातो, हे मात्र मी सांगितलं नाही. मस्कतमध्ये मराठीत बोलायला मला कुणीच नव्हतं. चार महिन्यांनी ती उल्हासनगरची कायमस्वरूपी नोकरी सोडून मस्कतला आली, माझ्याच इमारतीत राहिली. पहिलं भाडं भरून आली आणि शांतपणे म्हणाली, "तुला माहीत होतं ना?" मी होकारार्थी मान हलवली. वर्षभरात ती परत गेली. मी अजून इथेच, मस्कतमध्ये आहे; तिला फोन करायचं धाडस होत नाही.