द्वारकाचा मीटर

संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं. त्याआधी गाडी धड चालती करायचीच, असं द्वारकाने सकाळीच ठरवून टाकलं. विकायला नव्हे, ठेवून घ्यायला.

लातूरकडून लग्न होऊन ती वारज्यात आली. बरीच वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात टेलिफोनचे बोर्ड तपासले. कारखाना बंद पडला, पण तिथे वापरलेला, वीज मोजायचा स्वतःचा मल्टिमीटर तिने साड्यांच्या घडीखाली जपून ठेवला. चाळिशीत ती गाडी शिकली. स्टिअरिंग हातात आलं की आपलं आता कुणावाचून अडत नाही, असं वाटून तिला फार बरं वाटे.

दसऱ्यानंतर मात्र गाडी भर चौकात बंद पडू लागली. गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून कॅमशाफ्टचा सेन्सर बदलला, तरी रडगाणं तेच. नवरा आनंद आयटीतला; डोक्याला ताप नको, विकून टाकू, म्हणाला.

तिने पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं. शेजारचे बाबुराव थबकले. "काय वहिनी, इंजिनाचं बीपी बघताय?"

"हो. तुमचं नंतर बघते."

वॉल्व्ह कधी उघडतात-मिटतात याचा पत्ता इंजिनाच्या कॉम्प्युटरला देणारा तो बोटाएवढा सेन्सर. तिने त्याच्या वायरीचा प्लग सोडवला, चावी फिरवली, प्लगमध्ये मीटर लावला. पाच व्होल्ट हवे होते, आले शून्य. वायर हलवली की पाच, सोडली की पुन्हा शून्य. म्हणजे सेन्सर बिचारा निर्दोष होता.

चावी बंद करून तिने प्लगचं रबर मागे सारलं. आत ओल, हिरवा गंज आणि चक्क कुंकू. खंडेनवमीला आनंदने पाइप लावून अख्खं इंजिन धुतलं होतं आणि मग भक्तिभावाने हळदकुंकू वाहिलं होतं. तिला राग आला आणि हसूही आलं.

आनंदचाच दात घासायचा ब्रश आणून तिने स्पिरिटने गंज घासून काढला, प्लग बसवला. चावी पुन्हा फिरवून, सिग्नलच्या वायरीला मागून टाचणी आणि तिला मीटर लावून तिने पान्याने इंजिन हळूहळू फिरवलं. मीटरवर पाच, शून्य, पुन्हा पाच; सेन्सर नीट पत्ता देऊ लागला होता. दुपारभर ती चांदणी चौक, कोथरूड, कर्वे रोड अशी हिंडली. गाडी कुठेच अडली नाही.

गिऱ्हाइकाला तिने चहा पाजला आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. तिने लाल झालेला ब्रश आनंदच्या हातात ठेवला.

"अहो, पुढच्या खंडेनवमीला तुम्ही नुसतं फूल वाहा. माझ्या गाडीला आंघोळ मी घालेन."