सदूभाऊंना दिलेलं खोटं उत्तर

सदूभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "जळून?" पलीकडे त्यांचा भाचा होता, तो गोंधळला. "नाई हो, झोपेतच गेले. सकाळी मामी उठवाले गेली तं..." मी सुटकेचा निःश्वास सोडला आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. माणूस गेल्याचं ऐकून कुणाला हायसं वाटतं का?

पण ही धास्ती मी कित्येक वर्षं बाळगून आहे. मी आठवडी बाजारात कपडे विकतो. आज राजुरा, उद्या कोरपना. व्हॅन जुनी, खालचा पत्रा दर पावसाळ्यानंतर कुजलेला. गाड्यांचं वेल्डिंग करणारे पुष्कळ, पण सदूभाऊंकडे जायचं म्हणजे वैताग. आधी बॅटरीची तार सोडा, सीटा काढा, मॅट काढा, ओली पोती अंथरा, पाण्याची बादली जवळ ठेवा. काम संपल्यावरही अर्धा तास तिथंच बसायचे, आत कुठे काही धुमसतंय का ते बघत. "भाऊ, बाजार उठून जाईल!" म्हणून मी चिडायचो. ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे!

काही वर्षांपूर्वी एक दिवस नेहमीसारखं त्यांनी विचारलं, "गॅस-गिस हाय का जी गाडीत?" होता. पेट्रोल परवडेना म्हणून घरचं सिलिंडर मागे कपड्यांच्या गठ्ठ्यांखाली लपवून जोडलं होतं. आजूबाजूला चार लोक उभे, गुन्ह्याची गोष्ट कशी बोलणार? मी सरळ "नाही" म्हणालो. तरी ते गठ्ठे उतरवायला लागले. "राहू द्या भाऊ, घड्या मोडतात," हेही मीच म्हणालो... तिसरा गठ्ठा उचलला आणि लाल सिलिंडर दिसलं. सदूभाऊ मटकन खाली बसले. "काऊन जी?" असं का केलं, एवढंच विचारलं.

सिलिंडर मी त्याच दिवशी काढून टाकलं, पण वेल्डिंगचा उजेड दिसला की आजही माझी नजर आधी गठ्ठ्यांखाली जाते. ते मात्र पुढेही माझी गाडी करत राहिले. मला वाटायचं, विसरले असतील.

गेल्या आठवड्यात पत्रा पुन्हा सुटला. आता कुणाकडे न्यावं हे विचारायला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी, शांताबाई, म्हणाल्या, "जो आधी गाडी रिकामी कराले लावते, त्याच्याकडंच जा." मग म्हणाल्या, "त्या सिलिंडरच्या दिवसापासून यायनं व्हॅनचं काम घेणंच सोडलं होतं, भाऊ. भेव बसलं होतं. एक तुमचीच घेत."

"माझीच का?"

"म्हणत, तो माणूस खोटं बोलते. दुसऱ्याकडं गेला, तं तो वेल्डिंगवाला बिचारा जिवानं जाईन."

व्हॅन अजून दारातच उभी आहे. कुणाकडे न्यायचं धाडस होत नाही.